वाढदिवस शुगाचा, पावती संस्थेची: पहिल्यांदाच फॅन-उपक्रम करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी उजाडला की माझ्या इनबॉक्समध्ये दरवर्षी एकच प्रश्न येतो. "ताई, ९ मार्चला शुगाचा वाढदिवस. आम्हाला पण काहीतरी चांगलं करायचंय. सुरुवात कुठून करू?" विचारणारी बहुतेक वेळा अठरा-एकोणीस वर्षांची असते, कधी लातूरची, कधी पणजीची. उत्साह मांडवापर्यंत, तयारी शून्य. मीही अशीच होते. पहिल्या उपक्रमात मी जे काही करून ठेवलं ते निस्तरायला चार महिने लागले. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं एकदाच, क्रमाने लिहून ठेवते. मी बीटीएसवाली आहे (शुगा, आरएम, जिन, जे-होप, जिमिन, व्ही आणि जंगकुक या सात जणांचा कोरियन गायकगट), म्हणून उदाहरणं आर्मीची, म्हणजे त्यांच्या चाहत्यांची आहेत. तुम्ही दुसऱ्या कुणाचे फॅन असाल तर नावं बदलून घ्या, बाकी सगळं तेच.

घरच्यांना समजवायचं असेल तर एवढं सांगा की आवडत्या कलाकाराच्या नावाने दानधर्म करायची ही पद्धत आपण काढलेली नाही. कोरियात कार्यक्रमाच्या दारात फुलांची मोठमोठी चक्रं ठेवायची रीत आहे. तिथल्या चाहत्यांनी त्याऐवजी तांदळाची पोती द्यायला सुरुवात केली. दिवसभर पोत्यांवर कलाकाराचं नाव मिरवतं आणि मग तो तांदूळ गरजूंकडे जातो. जून २०२० मध्ये बीटीएसने अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी साधारण एका दिवसात तितकीच रक्कम उभी केली. त्यातल्या बहुतेक देणग्या अगदी लहान होत्या. आणि खुद्द शुगाने जून २०२५ मध्ये सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयाला ऑटिझम असलेल्या मुलांच्या उपचार केंद्रासाठी ५०० कोटी वॉन दिले. माझ्या आईला यातलं फक्त तांदळाचं पटलं. "म्हणजे आपल्याकडे हार-तुऱ्यांऐवजी वह्या आणा म्हणतात तसं," ती म्हणाली. अगदी तसंच.

आधी हे जमवा

- तीन ते सात जणींची टीम. हिशेब बघणारी एक, चित्रांचं बघणारी एक, संस्थेशी बोलणारी एक. तिघींपैकी किमान दोघी अठरा पूर्ण.
- उपक्रमासाठी वेगळा ईमेल. स्वतःचा नको आणि कॉलेजचाही नको.
- सगळ्यांना दिसेल पण दोघींनाच बदलता येईल अशी एक शीट.
- संस्थेची कागदपत्रं (यादी पायरी २ मध्ये).
- सहा आठवडे. चार आठवड्यांत होतं, पण रडारड होते.

१. काम निवडा, आणि लहान निवडा

"गरजूंना मदत" हे काम नव्हे. "अमुक शाळेतल्या चाळीस मुलांना पावसाळ्याआधी दप्तरं" हे काम. नेमकं सांगता आलं की लोक देतात. उगीच मोठं लक्ष्य जाहीर केलंत आणि निम्म्यावर अडकलात, तर शेवटच्या आठवड्यात टीममध्ये भांडणं लागतात.

तारखेचं एक बघा. वाढदिवस कोरियात असला तरी ऋतू इथला आहे. सोलमध्ये चाहत्यांनी हान नदीकाठी आरएमच्या नावाने झाडं लावली, म्हणून दर सप्टेंबरला आमच्याकडे कुणाला तरी वृक्षारोपण सुचतं. आपल्याकडे रोपं जूनच्या शेवटी-जुलैत लावतात. १२ सप्टेंबरला, त्याच्या वाढदिवशी, लावलेलं रोप मूळ धरेपर्यंत पाऊस ओसरतो आणि मग पाणी कोण घालणार? फेब्रुवारीतल्या जे-होपच्या वाढदिवसाला तर विचारूच नका. झाडंच हवी असतील तर वाढदिवसाला पैसे आणि पावसाळ्यात खड्डे, असं दोन टप्प्यांत करा. उन्हाळी सुट्टीत रक्तपेढ्यांना तुटवडा असतो, म्हणून मार्च-एप्रिलला रक्तदान उत्तम बसतं.

२. संस्था शोधा आणि फोन करा

इन्स्टावरचं सुंदर पान बघून संस्था निवडू नका. फोन करा, जमलं तर जाऊन या. आमच्या नाशिकच्या टीमचा नियम आहे की ज्या संस्थेत आमच्यातलं कुणी चहा प्यायलेलं नाही, तिच्यासाठी पोस्टर निघत नाही.

मागायची कागदपत्रं:

- नोंदणी प्रमाणपत्र (ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचं)
- १२ए (संस्थेच्या करमाफीचं) आणि ८०जी (देणाऱ्याच्या करसवलतीचं) म्हणून ओळखली जाणारी आयकराची प्रमाणपत्रं, मुदत संपलेली नाहीत ना ते बघून
- संस्थेचा पॅन
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) क्रमांक
- रद्द केलेला चेक. खात्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. "सध्या आमच्या सचिवांच्या खात्यावर टाका" असं कुणी म्हणालं की नमस्कार करून बाहेर पडा.

कागद मागायला लाजू नका. चांगल्या संस्थेच्या ऑफिसात याची फाइल तयारच असते, मागितल्यावर दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर येते. तोंड वाकडं करणारेही भेटतात, आणि तेही एक उत्तरच आहे.

शेवटी त्यांनाच विचारा की तुम्हाला काय हवंय. आम्ही एकदा हौसेने रंगपेट्या ठरवल्या होत्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, "पोरींनो, रंग कपाटभर पडलेत. गिझर बंद आहे." त्या वर्षी जिमिनच्या नावाने गिझर दुरुस्त झाला.

३. पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका

लेखातलं दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, हे नको.

माझ्या पहिल्या उपक्रमात मी पोस्टरवर स्वतःचा क्यूआर कोड छापला. सोपं वाटलं. तीन दिवस छान पैसे आले. चौथ्या दिवशी खातंच गोठलं. पैसे पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी खात्यात सायबर फसवणुकीची रक्कम फिरली होती, तक्रार झाली होती आणि त्या साखळीत माझं खातं आलं. माझी सेमिस्टरची फीसुद्धा त्याच खात्यात. बँकेत गेले तर "पोलिसांकडून पत्र आणा," पोलीस दुसऱ्या राज्यातले. ज्यांनी ५० रुपये दिले होते त्या मुली रोज विचारत होत्या, "ताई, संस्थेला पैसे पोचले का?" काय सांगणार?

खातं गोठलं नसतं तरी मी चुकलेच होते. गणपतीत मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते ना, ते कलम ४१ क फक्त गणपतीपुरतं नाही. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात ती परवानगी लागते. वाढदिवस कोरियन मुलाचा आहे म्हणून सूट नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा:

१) पोस्टरवर संस्थेचाच खाते क्रमांक आणि क्यूआर. तो संस्थेकडून लेखी घ्या आणि स्वतः एक रुपया पाठवून नाव तपासा.

२) देणारी व्यक्ती थेट संस्थेला पैसे पाठवते.

३) ती तुमच्या फॉर्ममध्ये स्क्रीनशॉट टाकते. फोन नंबर आणि व्यवहार क्रमांकाचे मधले आकडे झाकायला सांगा.

४) तुम्ही फक्त बेरीज करता आणि आठवड्यातून एकदा संस्थेच्या आकड्याशी ताडून बघता.

शेरे लिहिण्याच्या जागेत एक छोटा शब्द ठरवून द्या. आम्ही "जांभळा" ठेवतो, तो आर्मीचा रंग. त्यामुळे संस्थेच्या हिशेबनीसांना आपल्या नोंदी वेगळ्या काढता येतात. एका संस्थेतले काका पहिल्यांदा बुचकळ्यात पडले होते. दिवसभर खात्यावर "जांभळा, जांभळा" येत होतं आणि त्यांना वाटलं कुणीतरी जांभळं विकतंय.

परदेशातल्या मैत्रिणी: इथे बऱ्याच जणी अडकतात. संस्थेकडे परकीय देणग्यांसाठीची एफसीआरए नोंदणी नसेल तर तिला परदेशी नागरिकाचे पैसे घेता येत नाहीत, अगदी शंभर रुपयेसुद्धा. नोंदणी असेल तर ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या ठरावीक खात्यावरच यावे लागतात. न्यू जर्सीतली तुमची मावसबहीण अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देऊ शकते. तिने अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशीच. ब्राझीलच्या, इंडोनेशियाच्या आर्मी प्रेमाने विचारतात, त्यांना त्यांच्याच देशातल्या संस्थेला द्यायला सांगा आणि बेरीज शेजारी शेजारी दाखवा. ते दिसायलाही सुंदर दिसतं.

४. चित्रं, फोटोकार्ड, झीन

आता मजेचा भाग. पैसे देणाऱ्याला आभार म्हणून काहीतरी हातात द्यायचं असतं, फोटोकार्ड (कलाकाराच्या चित्राचं खिशात मावणारं कार्ड) किंवा झीन (स्वतः छापलेली छोटी पुस्तिका), आणि आपल्या फॅन्डममध्ये हात चालणाऱ्यांची कमी नाही. कुणी चित्र काढतं, कुणी कविता, कुणी क्रोशाचं अस्वल विणतं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या अकोल्याच्या एक काकू आहेत, वय बावन्न. त्या सातही जणांची वारलीत चित्रं काढतात. तारप्याभोवतीच्या फेरात सात जण, आणि त्यातला जिन कोणता ते खांद्यांवरून ओळखायचं.

सगळं स्वतः काढलेलंच वापरा. कंपनीचे अधिकृत फोटो, लोगो, अल्बमची कव्हरं छापू नका. इंटरनेटवरून उचललेलं दुसऱ्याचं फॅनआर्ट तर अजिबातच नको. "क्रेडिट दिलंय की" म्हणजे परवानगी नव्हे. प्रत्येक चित्रकाराकडून लेखी घ्या: कोणतं चित्र, किती प्रती, कशासाठी, आणि उपक्रम संपल्यावर पुन्हा छापणार नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात. कथा लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या कथांच्या संग्रहावर पैशांचे दुवे चालत नाहीत, तो बिगरव्यावसायिक आहे. कथा तिथे टाका, देणगीचं आवाहन दुसरीकडे.

आणि विकू नका. विक्री म्हटलं की पैसे तुमच्याकडे येतात आणि आपण पुन्हा पायरी ३ च्या खड्ड्यात. संस्थेची पावती दाखवा, कार्ड घ्या, संपलं. छपाईचा खर्च टीमने वाटून घ्यायचा. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, लहान निवडा.

छापखान्यात जाण्याआधी:

- फोटोकार्डाचा चालू आकार ५५ बाय ८५ मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी कड येते. चेहरा आणि अक्षरं काठापासून आत.
- फाइल ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र छपाईला देऊ नका, ते दाबलेलं असतं. मूळ फाइल ईमेलने मागवा.
- १२ बाय १८ इंचाच्या शीटवर कार्ड आडवी लावली तर ३ च्या ७ ओळी, म्हणजे २१ बसतात. सातही जणांचे तीन-तीन! हा हिशेब जमला तेव्हा मी छापखान्यातच टाळी वाजवली होती.
- ३०० जीएसएम (कागदाचं वजन) आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर बोटांचे ठसे दिसतात.

आता जांभळ्याचं. १३ नोव्हेंबर २०१६ ला व्हीने स्टेजवरून 'बोराहे' (जांभळ्या रंगाच्या कोरियन नावावरून, अर्थ 'माझं तुमच्यावर प्रेम आहे') हा शब्द काढला तेव्हापासून आपलं सगळं जांभळं. पण स्क्रीनवरचा तो झळाळता जांभळा छपाईत येतच नाही, चार रंगांच्या शाईत तो निळसर किंवा मातकट होतो. फाइल सीएमवायकेमध्ये (म्हणजे छपाईच्या त्या चार रंगांत) बदलून बघा, निळाई थोडी कमी करा, आणि पूर्ण छपाईआधी एकच शीट काढून मागा. आम्ही ते न करता दोनशे कार्डं छापली होती. जांभळा सोडा, वांग्याचं भरीत झालं होतं. छापखान्यातले दादा म्हणाले, "मॅडम, फाइलमध्ये होतं तेच आलंय." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पाठवताना दोन पुठ्ठ्यांमध्ये कार्ड घालून टपालाने पाठवा. पत्ते उपक्रम संपल्यावर शीटमधून पुसून टाका. मुलींचे घरचे पत्ते आहेत ते.

५. जाहीर कसं करायचं

पोस्टर मराठीतही करा. इंग्रजी पोस्टर आपल्याआपल्यात फिरतं. मराठी पोस्टर आई घरच्या ग्रुपवर टाकते, मग आत्याचे २०० रुपये येतात.

कमीत कमी रक्कम ठेवू नका. सगळ्यात जास्त देणाऱ्यांची यादी तर मुळीच लावू नका. कुणी ५,००० दिले हे वाचून ११ रुपये देणारी गप्प होते, आणि आपल्याकडे खरी संख्या ११ वाल्यांचीच असते. अठराच्या आतल्या मुलींकडून पैसे मागायचे नाहीत. त्यांना चित्रं, भाषांतर, पोस्टर, पाकिटं भरणं असली कामं द्या. भरपूर असतात.

६. रक्तदान ठेवलंत तर

रक्तपेढीला तीन आठवडे आधी फोन करा. किमान किती दाते हवेत, जागा कशी हवी, ते सांगतात. दात्यांसाठी नियम ठरलेले आहेत: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले. टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर नाही, आणि आपल्यात ते बऱ्याच जणींच्या मनगटावर ताजंच असतं.

आमच्या पहिल्या शिबिरात निम्म्या मुली हिमोग्लोबिनवर परत गेल्या. एक तर रडायलाच लागली. हे आधीच सांगून ठेवा आणि परत जाणाऱ्यांसाठी काम तयार ठेवा: नोंदणी, सरबत, कार्डवाटप. येताना भाऊ-वडिलांनाही घेऊन या म्हणावं. आमच्याकडे गेल्या वेळी चार वडिलांनी रक्त दिलं आणि जाताना प्रत्येकाने फोटोकार्ड मागून घेतलं. त्यांतल्या दोघांना जंगकुकच हवा होता.

७. प्रत्यक्ष दिवस

कॅफेत कपस्लीव्ह (कपाभोवतीची छापील कागदी पट्टी) लावून छोटा कार्यक्रम करायचा असेल तर मालकाला संख्या खरी सांगा आणि प्रत्येकीने काहीतरी मागवायचं हे आधीच ठरवा. एका कॉफीवर तीन तास बसणाऱ्या चाळीस मुली कुणालाच नको असतात.

संस्थेत जाणार असाल तर पाच जणींपेक्षा जास्त नको. बालगृह असेल तर मुलांचे चेहरे टिपायचे नाहीत. तिथल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. सामानाचा फोटो घ्या, पुरतो. आणि मुलांना बीटीएस माहीत असलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. आम्ही गेलो तेव्हा त्यांना क्रिकेट खेळायचं होतं. खेळलो.

८. हिशेब

उपक्रम संपल्यापासून सात दिवसांत संस्थेचं पत्र आणि एकूण आकडा जाहीर करा. आपली बेरीज आणि संस्थेची बेरीज जुळली नाही (पहिल्यांदा कधीच जुळत नाही) तर दोन्ही आकडे लिहा आणि फरक का ते सांगा. झाकायला गेलात की लोकांना वास येतो.

करसवलत मागणाऱ्यांना तीन गोष्टी आधीच सांगा. संस्थेला पॅन द्यावा लागतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही. प्रमाणपत्र संस्थेकडून आर्थिक वर्ष संपल्यावर, साधारण मेपर्यंत येतं. शुगाचा वाढदिवस मार्चमध्ये असल्याने वाट थोडीच बघावी लागते. सप्टेंबरवाल्यांना आठ-नऊ महिने "ताई, सर्टिफिकेट?" ऐकावं लागतं.

९. एकमेकींना सांभाळा

हे कुठल्याच पोस्टरवर नसतं, पण अर्धं काम हेच आहे. रात्री दीड वाजता कुणीतरी लिहितं, "मला काहीच बरं वाटत नाहीये." आपण मैत्रिणी आहोत, डॉक्टर नाही. ऐका, एकटं सोडू नका, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ग्रुपच्या वरती लावून ठेवा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जीव द्यायचं कुणी बोललं तर गुपित ठेवायचं नाही. तिच्या घरच्यांपर्यंत किंवा जवळच्या मोठ्या माणसापर्यंत पोचायचं, मग ती महिनाभर रागावली तरी चालेल.

"माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, मदत करा" असे मेसेज येतात. काही खरे असतात, काही नसतात. पैसे व्यक्तीला न पाठवता हॉस्पिटलच्या बिलावर भरता येतील का ते विचारा आणि बिलाची खातरजमा फोन करून करा, नंबर मेसेजमधला नको, हॉस्पिटलच्या पाटीवरचा घ्या. खरी गरज असलेली मुलगी यावर कधी चिडत नाही.

टीममधली एखादी गप्प झाली तर तिचं काम काढून घ्या, तिला नाही. परीक्षा असते, घरी काही असतं. आमची हिशेबवाली एकदा आठवडाभर गायब होती. परत आली तेव्हा शीट दुसरीने सांभाळली होती आणि कुणी काही विचारलं नाही.

सगळं झालं की एक फोल्डर बनवा: संस्थेची कागदपत्रं, पोस्टरच्या मूळ फाइली, छापखान्याचा दर, काय चुकलं त्याची यादी. पुढच्या वर्षी करणाऱ्या मुलीला ते द्या. आणि १३ जूनच्या, बीटीएसच्या पदार्पणदिनाचं काय करायचं हे एप्रिल उजाडेपर्यंत ग्रुपवर काढू नका. आधी झोपा.